खालच्या वाडीचे हात

फार पूर्वी, राजे हत्तीवरून फिरत आणि बाकी सगळे चिखलातून, त्या काळची ही गोष्ट. एका नदीवर एक बंधारा होता आणि त्या बंधाऱ्यातून एक पाट निघत होता. पाटावर तीन वाड्या होत्या. वरची वाडी बंधाऱ्याला लागून होती, मधली वाडी मध्ये, आणि खालची वाडी पार शेवटाला, जिथे पाट संपतो आणि माळ सुरू होतो.

वरच्या वाडीत केळीच्या बागा होत्या. मधल्या वाडीत जोंधळा आणि थोडीफार भाजी निघायची. खालच्या वाडीत मात्र पाणी पोहोचायचंच नाही. पाटातून शेतात पाणी घेण्यासाठी जी तोंडं असतात, त्यांना तिथे दारं म्हणत. वरच्या वाडीची दारं कायम उघडी असायची. मधल्या वाडीची दारं वरच्यांचं बघून उघडी राहायची. मग खाली जायला उरायचं काय? ओल.

ओलीवर पीक येत नाही. खालच्या वाडीतली माणसं एकेक करून घराला कडी घालून निघून गेली आणि राजाच्या नव्या शहरासाठी विटा पाडू लागली. सणाला परत येऊ म्हणून त्यांनी चांगले कपडे खुंटीलाच ठेवले होते. सण आले आणि गेले. कपडे तिथेच राहिले.

मधल्या वाडीत एक शेतकरी होता. माणूस वाईट नव्हता, पण समोरचा मोठ्यानं बोलला की याची मान आपोआप हलायची, आणि ती नेहमी होकाराचीच. त्याच्या हातात एक कसब होतं. बुजगावणी करावीत तर त्यानंच. पेंढा भरून, मडक्याचं डोकं लावून, त्यावर चुन्याचे डोळे काढले की पाखरंच काय, रस्त्यानं जाणारा पाहुणाही राम राम घालायचा.

या शेतकऱ्याची धाकटी बहीण धुरपता खालच्या वाडीत दिलेली होती. वाडी सोडण्याआधी ती एकदा भावाकडे आली होती. "दादा, एक दिवस तुझं दार बंद ठेवशील का? एवढं एक पाणी मिळालं तर आमचं पीक वाचेल," असं तिनं विचारलं होतं. भाऊ म्हणाला होता, "बघू." मग तीही नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर गेली. भावाला तिची फार आठवण यायची. दार बंद ठेवण्याइतकी मात्र कधी आली नाही.

एके दिवशी राजाची दवंडी आली.

"ऐका हो ऐका! यापुढं पाटाचं पाणी राजाचे नोकर वाटणार नाहीत. ज्यांची जमीन पाटावर भिजते त्यांनी मिळून आपली पाणी संस्था करावी. आधी सगळ्यांनी बंधाऱ्यापासून शेवटापर्यंत पाट पायी बघावा. मग वरच्या, मधल्या आणि खालच्या, तिन्ही अंगांच्या माणसांनी, बायकांनीही, एकत्र बसावं आणि ज्यांना संस्था हवी त्यांनी हात वर करावेत. पहिली पाळी शेवटच्या शेताची. पहिल्या वर्षीचा अध्यक्ष खालच्या टोकाचा. हे जमलं तर बंधाऱ्याच्या दरवाजाची किल्ली तुमची. नाही जमलं तर दरवाजाला कुलूप!"

कुलूप म्हटल्यावर वरच्या वाडीत धावपळ उडाली. तिथला सगळ्यात मोठा बागाईतदार तडक मधल्या वाडीत आला आणि शेतकऱ्याच्या ओट्यावर बसला.

"खालच्या वाडीत माणूस नाही. आता रे?" तो म्हणाला.

"बोलावून आणू की. भट्टीवर आहेत सगळे. माझी बहीणही आहे," शेतकरी म्हणाला.

"आणि ती माणसं आली की राहतील. राहिली की पाणी मागतील. पहिली पाळी त्यांची, अध्यक्ष त्यांचा. मग तुझ्या जोंधळ्याला काय घालशील, थुंकी?" बागाईतदारानं आवाज चढवला. "नुसते हात हवेत ना राजाला? हात तू कर. तुझ्याइतकं चांगलं कुणाला जमतं? आणि बदल्यात तुला दर वेळी दोन पाळ्या."

शेतकऱ्याची मान हलली. कुठल्या बाजूला, ते सांगायला नको.

त्यानं खालच्या वाडीतल्या घरांच्या कड्या काढल्या आणि खुंटीवरचे कपडे आणले. बांबू बांधले, पेंढा भरला. एकेकाला त्याच्या त्याच्या सदऱ्यात उभं केलं. दवंडीत बायकांनीही बसावं असं होतं, म्हणून धुरपताच्या घरातलं हिरवं लुगडंही त्यानं घेतलं. ते बुजगावण्याला नेसवताना तो दोनदा थांबला. पण निऱ्या त्यानं नीट काढल्या. बागाईतदारानं सांगितल्याप्रमाणे सगळ्यांचे हात त्यानं वर करून बांधले.

सभेच्या दिवशी राजाचा अंमलदार बैलगाडीतून आला तेव्हा ऊन उतरलं होतं आणि गुरांच्या पायांची धूळ हवेत तरंगत होती. त्याला अंधाराच्या आत पुढचं गाव गाठायचं होतं. तो गाडीतून उतरलाही नाही.

"पाट सगळ्यांनी बघितला?"

"बघितला," बागाईतदार म्हणाला.

"खालच्या वाडीनंही?"

"ती माणसं तर पाटावरून हलतच नाहीत, साहेब."

"छान. संस्था हवी असेल त्यांनी हात वर करा."

वरच्या वाडीनं हात वर केले. मधल्या वाडीनं केले. शेतकऱ्यानंही केला. मागच्या रांगेत खालच्या वाडीचे हात आधीपासूनच वर होते.

"खालची मंडळी भलती उत्साही दिसते. दोन्ही हात!" अंमलदार खूश झाला. "आणि अध्यक्ष कोण?"

हे बागाईतदारानं ठरवलंच नव्हतं. तो गडबडला आणि मागच्या रांगेत गाडीच्या सगळ्यात जवळ जे उभं होतं त्याच्याकडे त्यानं बोट केलं. हिरव्या लुगड्याकडे.

अंमलदार आता मात्र गाडीतून वाकला. पदर कपाळाच्या खाली आलेला बघून तो म्हणाला, "बाई मर्यादशील आहेत." त्यानं किल्लीचा गोफ त्या वर केलेल्या हातात अडकवला आणि राजाच्या नावानं मोठ्यानं सांगितलं, "आजपासून या पाटाचं पाणी बाईंच्या शब्दाबाहेर जायचं नाही. बाई, सांभाळाल ना?"

मडकं एकदा पुढं झुकलं. त्या वेळी वारा अजिबात नव्हता.

गाडी दिसेनाशी झाली तसा बागाईतदार हसत उठला आणि किल्ली काढायला गेला. ती निघेना. त्यानं ओढली, हिसडली, मग शेतकऱ्याला हाक मारली. "अरे, मूठ एवढी घट्ट कशाला बांधलीस?"

शेतकरी जवळ आला आणि बघतच राहिला. नुसता बांबू होता तिथे पेंढ्याची पाच बोटं होती आणि ती किल्लीवर मिटलेली होती.

"मी मूठ केलीच नव्हती," तो म्हणाला.

सकाळी हिरवं लुगडं सभेच्या जागी नव्हतं. ते बंधाऱ्यावर होतं, दरवाजापाशी, पाटाकडे तोंड करून. दरवाजा उघडा होता. पाटातून पाणी वाहत होतं, पण त्याचा आवाज येत नव्हता. वरच्या वाडीची दारं सताड उघडी होती. पाणी प्रत्येक दारापाशी येई, क्षणभर थांबे आणि पुढं जाई. बागाईतदारानं गडी लावून पाटात मातीचा आडवा बांध घातला. पाणी बांधावर चढलं, पलीकडे उतरलं आणि आपल्या वाटेनं गेलं. केळीत एक थेंब शिरला नाही. भावकीत भांडण झालेला माणूस जसा दारावरून बघूनही न बघता जातो, तसं ते पाणी जात होतं.

ते मधल्या वाडीवरूनही तसंच गेलं. शेतकऱ्याच्या दारापाशी मात्र ते जरा जास्त थांबलं. त्यानं वाकून बघितलं तर पाण्यात त्याचं तोंड दिसत नव्हतं. आभाळ दिसत होतं, बांधावरची बाभूळ दिसत होती, आणि त्याच्या जागी काहीच नव्हतं.

भर दुपारी तो भीत भीत खालच्या वाडीकडे गेला. वाडीतली पडीक शेतं पाण्यानं भरली होती. बांधाबांधावर बुजगावणी उभी होती. ती कुणी तिथे नेली होती, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. एक वाकलं होतं, एकानं पाय सरीत रोवला होता. माणसं पाण्याची दारं धरून शेत भिजवतात तशीच. पण पेरलेलं काही नव्हतं. उगवणार काय? पाणी नुसतं उभं होतं आणि त्यावर एकही पाखरू नव्हतं. सगळीकडे पेंढा घासल्याचा बारीक आवाज येत होता. शेतकरी पळत सुटला.

थोड्याच दिवसांत केळीची पानं करपली. विहिरी खाली गेल्या. बायका हंडे घेऊन पाटावर गेल्या तर हंडा बुडायचा आणि रिकामा वर यायचा. आता मात्र वाड्या हादरल्या. खायला उरलेलं पुरेल, पण प्यायचं काय? प्यायला तेवढं बंधाऱ्यामागचं डबकं उरलं होतं; ते आटलं की वरची आणि मधली, दोन्ही वाड्या उठणार, हे लहान मुलालाही कळत होतं.

बागाईतदार मात्र बागाईतदारच होता. तो म्हणाला, "अध्यक्ष सभेनं झाला ना? सभेनंच उतरवू." त्यानं पुन्हा सभा भरवली. गड्यांनी डोळे मिटून बुजगावणी उचलून आणली आणि मागच्या रांगेत उभी केली. किल्ली हातात धरलेलं हिरवं लुगडं बंधाऱ्यावरून कुणाला हलवता आलं नाही.

"मला अध्यक्ष करायला कोण कोण तयार आहे?" बागाईतदारानं विचारलं आणि स्वतःचा हात सगळ्यांआधी वर केला.

मागच्या रांगेतून सळसळ आली. सगळ्यांनी वळून बघितलं. बांबूत घट्ट बांधलेले ते हात, एकेक करून, खाली येत होते. शेवटचा हात खाली आला आणि सगळी बुजगावणी हात सोडून सरळ उभी राहिली. चुन्याचे डोळे बागाईतदारावर होते.

एकदम ओरडा झाला. लोक वाट फुटेल तिकडे धावले. बागाईतदार सगळ्यांच्या पुढं होता.

शेतकरी पळाला नाही. त्याला पळायचं होतं, पण त्याच्या मनात एकच गोष्ट घुमत होती. पेंढ्याला नाही म्हणता आलं. आपल्याला एवढ्या वर्षांत एकदाही आलं नाही.

त्यानं बैल जुंपले आणि तो वीटभट्टीकडे निघाला.

भट्टीवर धुरपताचा नवरा भेटला. तो हाडकुळा झाला होता. "बरं झालं आलात, मेहुणे," तो म्हणाला. "तिला काय झालंय कळत नाही. एके दिवशी सांजेला वीट उचलता उचलता तिचे हात वर गेले ते तसेच राहिले. तेव्हापासून बोलत नाही. मुकादम म्हणतो, सोंग करते. आमच्या वाडीतल्या सगळ्यांचंच काहीतरी बिनसलंय. अन्न गोड लागत नाही. हाका मारलेल्या ऐकू येत नाहीत."

झोपडीत धुरपता भिंतीला टेकून बसली होती. हात वर, पदर कपाळाच्या खाली. शेतकऱ्यानं तिला उचललं. ती इतकी हलकी होती की त्याला रडू कोसळलं.

ती कुठली सांज होती ते त्याला माहीत होतं. पण भट्टीवर सगळे बघत होते. खरं सांगितलं तर हेच लोक विटांनी मारतील, असं त्याला वाटलं. तो एवढंच म्हणाला, "आजारी आहे बिचारी. घरी नेऊन औषधपाणी करतो. तुम्हीही चला, पाटाला पाणी आलंय." पाण्याचं नाव ऐकून खालच्या वाडीची माणसं गाडीमागून चालू लागली.

वाट लांब होती. उन्हं कलली. गाडी पाटाच्या हद्दीत शिरली तसं बैलांना ओझंच जाणवेना, ते उगाच भरभर चालू लागले. शेतकऱ्यानं मागं वळून बघितलं. गाडीतून पेंढ्याच्या काड्या उडत होत्या. रस्त्यावर त्यांची लांबच लांब रांग पडली होती. धुरपताच्या बाह्या पोकळ झाल्या होत्या आणि वाऱ्यानं फडफडत होत्या.

"थांबा!" तो ओरडला. बैल थांबले. तो गाडीतून खाली पडल्यासारखा उतरला आणि सगळ्यांसमोर हात जोडून उभा राहिला.

"ती आजारी नाही. मी केलंय हे. तुमची सगळ्यांची बुजगावणी मीच बांधली. तुमच्या कड्या मी काढल्या, तुमचे कपडे मी घातले त्यांना. तुमच्या नावानं सभा झाली आणि तुमच्या वतीनं हात वर झाले. धुरपता, तुझं लुगडं मी नेसवलं पेंढ्याला. तुझा हात मी वर केला. दोन पाळ्यांसाठी केला गं."

 गाडीतून बारीक हुंदका आला. पोकळ बाह्या पुन्हा भरल्या आणि वर गेलेले हात हळूहळू खाली आले. धुरपतानं पदर मागं सारला. तिनं भावाकडे बघितलं.

"मला विचारायचं होतंस, दादा," ती म्हणाली.

एवढंच. तिनं तोंडात मारली असती तरी त्याला इतकं लागलं नसतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा भरली. अंमलदाराला निरोप गेला होता, आणि या वेळी तो गाडीतून उतरला. बागाईतदार मान खाली घालून पुढं आला. "सगळे आहेत आता. करा हात वर आणि संपवा," तो पुटपुटला.

"हात नंतर," धुरपता म्हणाली. "आधी पाट बघायचा. पायी. सगळ्यांनी."

मग तिन्ही वाड्या बंधाऱ्यापासून निघाल्या. कुठे पाट फुटला होता, कुठे गाळ भरला होता, ते सगळ्यांनी मिळून बघितलं. केळीच्या बागेपाशी बागाईतदार मागं राहिला. बंधाऱ्यावर हिरवं लुगडं अजून उभं होतं, पण तोंड आता त्याच्या बागेकडे होतं. बागाईतदारानं ते बघितलं. तो खाली बसला आणि स्वतःच्या हातांनी त्यानं पाटाच्या कडेची माती उकरली. आत ताडाचं एक पोकळ खोड पुरलेलं होतं, चोरून पाणी घ्यायला. "हे माझं," तो म्हणाला. त्या दिवशी आणखीही काही जणांनी आपापली माती उकरली. कोणी कोणी, ते सांगण्यात अर्थ नाही. बहुतेक सगळ्यांनीच.

शेवटच्या शेतापर्यंत चालून झाल्यावर सभा बसली. पाळी कशी फिरायची, दार किती वेळ उघडं ठेवायचं, पाट कुणी साफ करायचा, यावर कडकडून भांडणं झाली. एक म्हातारा रागानं उठून गेला आणि परत येऊन बसला. पंच निवडले, तिन्ही वाड्यांतले. मग हात वर झाले. सगळे नाही, पण अर्ध्याहून कितीतरी जास्त. धुरपताचा खांदा अजून दुखत होता. तिनं हात वर केला नाही. ती मोठ्यानं म्हणाली, "माझं हो आहे," आणि अंमलदारानं ते धरलं. अध्यक्ष म्हणून तिचंच नाव निघालं.

ती बंधाऱ्यावर गेली आणि तिनं हात पुढं केला. पेंढ्याची मूठ उघडली. किल्ली तिच्या तळहातावर आली आणि समोरचं बुजगावणं बसकण मारल्यासारखं कोसळलं. आधीच्या सभेच्या जागी उभी असलेली बाकीचीही त्याच वेळी पडली. त्यांचा पेंढा गुरांपुढं टाकला, पण एकाही गुरानं त्याला तोंड लावलं नाही.

त्या वर्षी पाणी शेवटाकडून सुरू झालं. आधी खालची वाडी भिजली, मग मधली, मग वरची. कुणाला भरपूर मिळालं नाही. पुरेसं सगळ्यांना मिळालं.

शेतकऱ्याची पाळी आली त्या दिवशी धुरपता स्वतः त्याच्या बांधावर आली. तिनं त्याचं दार उघडलं आणि त्याचा वाटा पुरा होईपर्यंत उन्हात उभी राहिली. थेंब कमी दिला नाही, थेंब जास्त दिला नाही. भाऊ घरातून लोटीभर गार पाणी घेऊन धावत आला.

"पी ना, धुरपता. केव्हाची उभी आहेस."

तिनं दार बंद केलं, पाय धुतले आणि पदरानं तोंड पुसलं.

"नको, दादा," ती म्हणाली. "घरी जाऊन पिईन."

ती बांधाबांधानं खालच्या वाडीकडे निघून गेली. भाऊ लोटी हातात घेऊन उभा राहिला. त्याला फार वाईट वाटलं, आणि वाटायलाच हवं होतं.

तात्पर्य: सगळ्यांची म्हणून संस्था उभी करायची असेल तर सगळ्यांना खरोखर बोलावून आणा आणि त्यांना विचारा. दुसऱ्याचा हात आपण वर केला तर त्याला पाणी उद्या देता येईल, पण गेलेला विश्वास तसा वाटून देता येत नाही.